समाधानी रेणू

त्या शुक्रवारी दुपारी मंदाबाई सपकाळेंनी आपल्या शेगडीचं कौतुक केलं नसतं, तर शर्वरी ढाके चहा संपवून निमूट कामाला परतली असती.

सावखेड्याच्या औद्योगिक वसाहतीत पुनर्धातू कंपनीच्या कुंपणाला लागून मंदाबाईंचं चहाचं दुकान होतं. मे महिना, पारा शेहेचाळीसवर. विजेच्या शेगडीवरून पातेलं उतरवत मंदाबाई म्हणाल्या, "ताई, एक गंमत दाखवते. ही ताटली बघा. आधी काळी ठिक्कर पडायची, घासून घासून हात दुखायचे. आता दीड महिना झाला, हात लावला नाही, तरी आपली चकाकतेच आहे."

शर्वरीने वाकून पाहिलं. लाल तापलेल्या तारेभोवतीची लोखंडी ताटली आरशासारखी लखलखत होती. तिने खिशातली किल्ली काढून कडेला खरवडलं. करड्या रंगाचा एक पातळ पापुद्रा सुटून आला. तो बोटांत धरल्याबरोबर एवढ्या उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

"मंदाबाई, शेगडी बंद करा. दुकानही बंद करा. आत्ता लगेच घरी जा."

"का हो? दूध तापायचंय अजून."

"राहू द्या दूध. मी फोन करते तुम्हाला. जा."

तो पापुद्रा निकेलचा होता. निकेल शेगडीवर येऊन बसायला एकच वाट होती, आणि ती हवेतून होती.

वीसेक वर्षांपूर्वी घरोघरी आलेल्या विजेच्या स्कुटरी आणि रिक्षा आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांच्या मेलेल्या बॅटऱ्यांचे ढीग प्रत्येक तालुक्यात साचले होते. पुनर्धातूने त्यावर उपाय काढला, एका कंटेनरात मावेल असं यंत्र. बॅटऱ्यांची भुकटी करून त्यात घालायची आणि तिच्यावरून कार्बन मोनॉक्साइड सोडायचा. हा वायू भुकटीतलं निकेल तेवढं वेचून उचलतो आणि पुढच्या तापलेल्या भट्टीत नेऊन सोडतो. शुद्ध धातू खाली, वायू पुन्हा कामाला. राज्यात अशी चाळीस यंत्रं होती. सावखेड्याच्या यंत्रावर शर्वरी मोजमापाच्या उपकरणांची तंत्रज्ञ होती आणि तिचा नवरा पुष्कर पाळीचा चालक.

निकेल आणि कार्बन मोनॉक्साइडचं हे संयुग माणसाला ठाऊक असलेल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. त्याची रीतही विचित्र आहे. हुंगलं की डोकं दुखतं, मळमळतं. मोकळ्या हवेत आलं की सगळं थांबतं, माणूस हसतो-बोलतो, जेवतो. बारा ते छत्तीस तास असे बरे जातात. मग फुप्फुसं पाण्याने भरू लागतात.

शर्वरीला हे एम.एस्सी.ला भिरूड सरांनी शिकवलं होतं. भुसावळच्या कॉलेजातला त्यांचा तो तास तिला पाठ होता. सर फळ्यावर निकेलचा अणू काढायचे आणि म्हणायचे, "याच्याजवळ बाहेरचे इलेक्ट्रॉन दहा. कार्बन मोनॉक्साइडचा प्रत्येक रेणू येताना दोन घेऊन येतो. चार रेणू आले, आठ झाले. दहा आणि आठ अठरा. अठरा झाले की या धातूची सगळी जागा भरली. आता त्याला कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. समाधानी रेणू आहे हा. आणि सतरावाला? तो एका इलेक्ट्रॉनसाठी दिसेल त्याला जाऊन चिकटतो."

निवृत्तीनंतर सरांनी या समाधानी रेणूत एक बदल केला. चार कार्बन मोनॉक्साइडपैकी एकाला काढून त्याच्या जागी फॉस्फरसचा एक रेणू बसवला. तोही दोनच इलेक्ट्रॉन आणतो, म्हणून बेरीज अठराच राहते. पण त्याची पकड पक्की असते. हे नवं संयुग जड होतं, सहजी उडत नव्हतं, वाटेत फुटत नव्हतं. यंत्र सुरक्षित होईल म्हणून पुनर्धातूने ते घेतलं, आणि गेल्या दीड महिन्यापासून चाळीसही यंत्रांत ते खेळत होतं. कामगार त्याला 'सरांचं औषध' म्हणत.

शर्वरी यंत्राजवळच्या खोलीत आली. पाचही संवेदकांच्या पडद्यांवर शून्य होतं. तिने एकाचं झाकण उघडलं. संवेदकाचं काम साधं होतं. बाहेरची हवा एका बारीक नळीत ओढायची, नळी दीडशे अंशांना तापवायची. विषारी वायू असेल तर त्या उष्णतेने तो फुटतो, निकेल एका स्फटिकावर बसतं आणि त्याचं वजन मोजलं जातं.

नळी दीडशे अंशांवर होती. जुना वायू त्या उष्णतेने फुटायचा. नवा न फुटण्यासाठीच तर बनवला होता. मंदाबाईंची शेगडी मात्र दीडशेपेक्षा कितीतरी जास्त तापत होती.

तिने सरांना फोन लावला.

"सर, प्रयोगशाळेत तुम्ही ते संयुग उडतं का हे किती अंशांवर तपासलं होतं?"

"पंचवीस. का गं?"

"इथे पत्र्याखाली पन्नास आहेत."

सर म्हणाले, "झिरपलं असेल थोडं. पण शर्वरी, ते स्थिर आहे. सहजी फुटत नाही, तर शरीरात काय करणार?"

"सर, नळी दीडशेवर आहे. त्याला फुटायला किती लागतात?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते हळू म्हणाले, "अडीचशेच्या वर. नळी तीनशेला ने. मी तिकडे यायला निघतो."

*

व्यवस्थापक कुलथे साहेब पन्नाशीचे, कामाला वाघ आणि स्वभावाने भले गृहस्थ होते. यंत्राजवळच्या खोलीत येऊन त्यांनी शर्वरीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"ढाके मॅडम, दर आठवड्याला तुम्हीच सही करता की उपकरणं बरोबर आहेत. आज शेगडीवरून म्हणता बरोबर नाहीत?"

"उपकरण बरोबरच आहे, साहेब. ते ज्याला ओळखतं ते हवेत नाही. जे हवेत आहे त्याला ते ओळखत नाही."

"मग मास्क आहेत की."

"मास्कमधली पूड वायूला चिकटून त्याला अडवते. हा कशालाच चिकटत नाही. सरळ आत जातो."

ती बोलत असतानाच नळीचं तापमान वाढवत होती. दोनशे. शून्य. अडीचशेला पडद्यावर दोन आला. दोनशे सत्तरला एकोणीस. तीनशेला आकडा एक्केचाळीसवर जाऊन थांबला. माणसाला चालण्याजोगी मर्यादा एक होती.

कुलथे साहेबांनी खुर्ची ओढली पण ते बसले नाहीत. "मंगळवारी," ते म्हणाले, "मंगळवारी दुसऱ्या भट्टीची पूजा होती."

शर्वरी त्या दिवशी रजेवर होती, मुलीला सुट्टीसाठी जामनेरला आजोळी सोडायला गेलेली. पूजेला अकरा माणसं जमली होती. कुलथे साहेब, पुष्कर, मंदाबाई, बाकी कामगार. नव्या भट्टीचा सांधा त्याच आठवड्यात बसवला होता; सगळ्यात जास्त गळती तिथूनच होत असणार. आरतीनंतर सगळ्यांचीच डोकी दुखली, दोघांना उलट्या झाल्या. ऊन लागलं म्हणून सगळे ताक पिऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत कामावर आले. पुष्कर रात्री हसत हसत सांगत होता की साहेबांनी प्रसादाचा शिरा परत केला.

"आज शुक्रवार आहे," कुलथे म्हणाले. "छत्तीस तास केव्हाच उलटले. म्हणजे आपण सुटलो."

"जुन्या वायूचे छत्तीस तास, साहेब. हा किती दिवस आत तसाच बसून राहील ते कुणी मोजलेलं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला तिने पाहिला. त्यांनी यंत्र बंद करायला सांगितलं. पण बाकीच्या एकोणचाळीस यंत्रांना कळवायची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, "ते सोमवारी मुख्यालयातून रीतसर जाऊ दे. उगाच घबराट नको."

शर्वरी बाहेर आली. चाळीस यंत्रांच्या तंत्रज्ञांचा फोनवर एक गट होता. एरवी त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सुट्या भागांची विचारणा चाले. तिने एवढंच लिहिलं, "संवेदकाची नळी तीनशे अंशांवर न्या आणि आकडा इथे टाका. यंत्राच्या आसपास असाल तर आधी वारा जिकडून येतो तिकडे लांब जा."

दहा मिनिटं काहीच आलं नाही. मग पहिलं उत्तर आलं. बारा. मग शून्य. तिला हायसं वाटलं, तेवढ्यात सदुसष्ट. नऊ. तीस. कुणीतरी लिहिलं, हे काय आहे मॅडम? कुणी लिहिलं, आमच्याकडे शेजारी शाळा आहे. आकडे येत राहिले आणि ती कुंपणाला टेकून वाचत राहिली. यंत्रं एकेक करून बंद होत होती, पण ज्यांनी तो वायू हुंगला होता ते आत्ता बाजारात असतील, घरी असतील, पोरांना कडेवर घेऊन फिरत असतील. त्यांना काहीही दुखत नव्हतं.

*

"मला काही झालेलं नाही," पुष्कर म्हणाला. तो अंगणात स्कूटर धूत होता. "बघ, सकाळपासून पाण्याचे चार जार वर नेलेत. दम लागला का? विचार शेजारच्यांना."

"दम लागेल तेव्हा उशीर झालेला असेल."

"तू फार घाबरतेस, शर्वरी."

"हो. घाबरलेय. गाडीत बस."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात तिने त्याला असं कधी सांगितलं नव्हतं. त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि गाडीत बसला. वाटेत तिने दोनदा त्याच्या छातीकडे पाहिलं, दोन्ही वेळा त्याने ते ओळखलं.

रुग्णालयात एव्हाना अकराही जण जमले होते. मंदाबाई डबा घेऊन आल्या होत्या. वॉर्डात लग्नाच्या जानवशासारखी गडबड होती; कुणी पत्ते काढले होते, कुणी घरी फोन करून भाजी काय करायची ते सांगत होतं. आजारी असं कुणी दिसतच नव्हतं. डॉक्टर नसरीन तडवी, तिथल्या फुप्फुसांच्या तज्ज्ञ, सगळ्यांच्या छातीचे फोटो बघून बाहेर आल्या.

"सगळे स्वच्छ," त्या शर्वरीला म्हणाल्या. "लघवीतही निकेल जवळजवळ नाही. एरवी मी यांना घरी पाठवलं असतं."

"लघवीत येणारच नाही," मागून कुणीतरी म्हणालं. भिरूड सर दारात उभे होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाची बाही दुमडलेली. "ते अख्खं आहे तोवर शरीरातल्या चरबीत लपून बसणार. फुटेल तेव्हा निकेल सुटेल, आणि सुटेल ते सगळ्यात जास्त फुप्फुसांत."

डॉक्टरांच्या खोलीत चौघं बसले. कुलथे साहेबही आत आले होते. तडवी मॅडमनी सांगितलं की निकेलवर औषध आहे. गंधकाचे दोन हात असलेला एक रेणू. असे दोन रेणू निकेलला दोन्ही बाजूंनी धरतात आणि शरीराबाहेर घेऊन जातात.

सर खिडकीकडे बघत म्हणाले, "त्यात बेरीज सोळाच होते. शर्वरी, आठवतं? अठराच्या नियमाला निकेलचा एक अपवाद असतो. चारी बाजूंनी चौकोनात धरलं की त्याला सोळाही पुरतात. सुटलेलं निकेल त्या चौकोनात बसलं की पुन्हा बाहेर पडत नाही. पण आमच्या संयुगात अठरा पूर्ण असताना त्याला हे औषध दिसणारच नाही."

"म्हणजे फुटायच्या आधी औषध वाया जाणार," शर्वरी म्हणाली.

"आणि लघवीत निकेल दिसल्यावर दिलं तर उशीर होणार," डॉक्टर म्हणाल्या. "फुप्फुसांचं नुकसान त्याआधी सुरू झालेलं असतं. औषध रक्तात निदान बारा तास आधी हवं. आणि माझ्याकडे बारा जणांना तीन-तीन दिवस पुरेल एवढंच आहे. चाळीस ठिकाणांहून मागणी आहे; पुढचा साठा बुधवारच्या आत येत नाही. नियमाप्रमाणे मी आजच सुरू करायला हवं. आज सुरू केलं तर सोमवारी सकाळी संपेल."

"ते फुटणार कधी, सर?" कुलथ्यांनी विचारलं.

"क्षणात फुटायला अडीचशे अंश लागतात, पण संथपणे ते कमी उष्णतेतही फुटतं. काचेच्या बाटलीत, शरीराच्या तापमानाला, मी पाच ते आठ दिवस मोजले होते. माणसात मोजलेलं नाही." सरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "पण आता मोजता येईल. सांधा बसवून झाल्यावर सोमवारी तो बघत मी यंत्राजवळ दोन तास उभा होतो. एकटाच. माझंही डोकं दुखलं होतं."

शर्वरीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"माझं घड्याळ तुमच्यापेक्षा एक दिवस पुढे आहे," सर शांतपणे म्हणाले. "दर दोन तासांनी माझी लघवी तपासा. माझ्यात निकेल वाढलं की या सगळ्यांना औषध सुरू करा. त्यांच्या हातात पुरा एक दिवस असेल."

"आणि तुम्हाला, सर?"

"मलाही तेव्हाच. माझ्यासाठी ते उशिराचं असेल, ते मला कळतं."

कुलथे साहेब उठले. "मी नियमाप्रमाणे जाणार. मला आजच द्या. मी वाट नाही बघू शकत, मॅडम. माझ्याच्याने नाही होणार." त्यांना दोष देता येण्यासारखं नव्हतं. शर्वरीला स्वतःलाही तेच ओरडून सांगावंसं वाटत होतं.

डॉक्टरांनी प्रत्येकाची लेखी संमती मागितली. वॉर्डात सगळं समजावून सांगितल्यावर पत्ते खाली ठेवले गेले. एका कामगाराने कुलथ्यांच्या मागोमाग आजच औषध हवं म्हणून सही केली. बाकीचे नऊ जण शर्वरीकडे बघू लागले.

मंदाबाईंनी विचारलं, "ताई, तुम्ही पुष्करभाऊंचं काय करणार? तुम्ही कराल तेच मी करणार. मला यातलं काही कळत नाही."

शर्वरीने पुष्करकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू ठरव. मला हिशेब येत नाही, तुला येतो."

"हा हिशेब मलाही येत नाही, पुष्कर. सर म्हणतात पाच ते आठ. आठ झाले तर ठीक. पण उद्याच फुटलं तर?"

"मग उद्या फुटेल. सही कुठे करायची?"

थांबण्याच्या कागदावर त्याने सही केली. त्याच्याखाली नातेवाईक म्हणून तिने केली. तिच्यामागे आठ सह्या झाल्या.

*

शनिवार पूर्ण गेला आणि काहीच झालं नाही. हा दिवस शर्वरीला पुढे कधी विसरता आला नाही. पुष्कर दोनदा पोटभर जेवला. जामनेरला फोन लावून मुलीशी, इराशी, आंब्यांबद्दल बोलला. बोलता बोलता तो साधं खाकरला तरी शर्वरी उठून उभी राहायची. दर दोन तासांनी परिचारिका सरांच्या खोलीत जायची आणि बाहेर आली की मान हलवायची. नाही.

दुपारी शर्वरी सरांजवळ बसली. त्यांच्या पत्नी सुमनकाकू पलीकडे मोसंबी सोलत होत्या. त्यांना एवढंच सांगितलं होतं की तपासण्या आहेत.

"मी त्याचं स्थिर असणं म्हणजे सुरक्षित असणं धरून चाललो," सर हळू आवाजात म्हणाले. "पस्तीस वर्षं शिकवलं, आणि हे दोन शब्द वेगळे आहेत हे लक्षात आलं नाही. सतरावाला असता तर पाइपालाच चिकटून संपला असता. हा मात्र माणसाच्या आत पोचेपर्यंत कुणाच्या वाटेला गेला नाही."

"सर, मीही दीड महिना शून्य बघून सह्या करत होते."

"तुला नळीचं तापमान कुणी विचारलं नव्हतं. मला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही."

रविवारी उजाडताना परिचारिका सरांच्या खोलीतून बाहेर आली आणि या वेळी तिने मान हलवली नाही. ती सरळ डॉक्टरांच्या खोलीकडे चालत गेली. निकेलचा आकडा दोन तासांत सहापट झाला होता. सोमवारपासून सहावा दिवस.

पाच मिनिटांत नऊ जणांना औषध सुरू झालं. सरांनाही झालं. सर तेव्हा उशीला टेकून बसले होते, तब्येत अगदी बरी दिसत होती. दहाच्या सुमारास त्यांना कोरडा खोकला सुरू झाला. दुपारी त्यांना वाक्य पुरं करता येईना. संध्याकाळी त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढला आणि सुमनकाकूंनी मोसंबीची पिशवी उचलून शर्वरीच्या हातात दिली. ती पिशवी धरून शर्वरी तशीच उभी राहिली.

सोमवारी, आता आपल्याला काय होणार हे त्या वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. सरांच्या खोलीतला खोकला भिंतीतून ऐकू येत होता. प्रत्येकजण तो ऐकत आपापल्या छातीवर हात ठेवून पडला होता. कुलथे साहेबांचं औषध त्या सकाळी संपलं. संध्याकाळपर्यंत त्यांना धाप लागली. ती रात्रभर वाढत गेली. त्यांच्याबरोबर सही केलेला कामगार त्यांच्या मागोमाग अतिदक्षता विभागात गेला.

पुष्करला मंगळवारी पहाटे खोकला आला. त्याचे ओठ निळसर झाले. शर्वरीने त्याचा हात धरला तेव्हा तो थंड आणि ओला होता. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"औषध काम करतंय," तडवी मॅडम म्हणाल्या. "लघवीतून निकेल भराभर जातंय. आता त्याची फुप्फुसं टिकली पाहिजेत. बाकी माझ्या हातात नाही."

ते तास शर्वरीने मोजले नाहीत. पुष्कर बोलू शकत नव्हता. एकदा त्याने बोटाने तिच्या तळहातावर काहीतरी लिहिलं, तिला ते वाचता आलं नाही, आणि तिने मान डोलावली. संध्याकाळी ऑक्सिजनचा आकडा घसरायचा थांबला. बुधवारी दुपारी तो वर सरकू लागला.

त्याच दुपारी भिरूड सर गेले. शेवटचे काही तास ते शुद्धीत नव्हते.

शर्वरी सुमनकाकूंकडे गेली. त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

"तुझा नवरा?" त्यांनी विचारलं.

"आता बरा आहे."

"आणि ती चहावाली?"

"त्याही. नऊच्या नऊ जण वाचले, काकू. सरांच्यामुळे."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "आणि जे वाचणार नाहीत तेही त्यांच्यामुळेच ना?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

शर्वरीला खोटं बोलता आलं नाही. "हो," ती म्हणाली, आणि त्यांच्याजवळ बसली. काकूंनी तिचा हात हातात घेतला.

कुलथे साहेब आणि तो कामगार गुरुवारी गेले. बाकीच्या यंत्रांकडून बातम्या येत राहिल्या. सावखेड्याहून सहा दिवसांचा आकडा मिळाल्यामुळे कितीतरी ठिकाणी औषध वेळेवर सुरू झालं. काही ठिकाणी झालं नाही. चाळीसही यंत्रांना कुलूप लागलं. पुष्कर दहाव्या दिवशी घरी आला. जिना चढताना तो मध्ये थांबायचा आणि कठड्याला धरून हसायचा.

पुढच्या सोमवारी यंत्रांवर रोज काम करणाऱ्यांच्या तपासण्या सुरू झाल्या. ज्यांनी एकाच दिवशी खूप हुंगला होता त्यांचा प्रश्न सुटला होता. रोज थोडा थोडा हुंगणाऱ्यांचं काय, हे कुणाला माहीत नव्हतं. चरबीत ते किती साचत जातं, साचलेलं एकदम फुटतं की हळूहळू, औषध कुठल्या दिवशी द्यायचं, यातलं काहीच कुणी मोजलेलं नव्हतं. ते सांगू शकणारा माणूस गेला होता.

शर्वरीचा नंबर आला. परिचारिका तरुण होती, कामात चटपटीत. तिने नाव, वय, पत्ता लिहून घेतला.

"वायूशी संपर्काची तारीख?"

"दीड महिना," शर्वरी म्हणाली. "रोज."

"इथे एकच तारीख बसते, मॅडम. त्यावरून दिवस धरायचे आहेत."

"माहितीये मला."

"मग कुठली लिहू?"

परिचारिकेने पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं. मागे रांगेत यंत्रावरची माणसं उभी होती आणि बाहेर पुष्कर गाडीत बसून तिची वाट बघत होता. शर्वरीने एक खोल श्वास घेतला. तो पूर्ण आत गेला, पूर्ण बाहेर आला, कुठे काही दुखलं नाही.

"ती जागा रिकामी ठेवा," ती म्हणाली, आणि तपासणीसाठी आतल्या खोलीत गेली.